बिनधुराचं घर

अलाओ बेट, ९ मार्च

एलिसेओ,

तुझं घर पोचलं. फुटलं-तुटलं नाही. हे आधी लिहिते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल आणि पुढचं नीट वाचशील. पत्रच लिहितेय, कारण फोन करायचा तर टेकडीवर क्रुसापाशी चढावं लागतं, आणि तिथे अर्धं बोलणं वारा खातो. अक्षराला हसू नकोस. तिसरीत शाळा सुटली ती तुझी लंगोटं धुवायला म्हणूनच.

भरती आली तेव्हा तराफा किनाऱ्याला लागला. घराचे दोन भाग, दोन्ही प्लास्टिकात गुंडाळलेले. अख्खं बेट बघायला आलं. मिंगासाठी, सगळ्या बेटाने मिळून घर ओढायला यावं म्हणून, मी आदल्या आठवड्यात दारोदार जाऊन विनवणी केली होती, आई करायची तशीच, हात पुसत, 'उपकार होतील' म्हणत. कुणी नाही म्हणालं नाही. बेलार्मिनोने बैलांच्या जोड्या आणल्या. ते बैल आयुष्यभर ओकच्या लाकडाची जुनी घरं ओढत आलेले. खाली ओंडके घातले, दोर बांधले, बेलार्मिनो ओरडला, आणि बैलांनी सवयीप्रमाणे मान घालून असा जोर लावला, की तुझं अर्धं घर सुळकन निघालं आणि चढावर धावायला लागलं! बेलार्मिनो चिखलात आडवा. बैलांच्या मागे घर, घराच्या मागे आम्ही. कब्रस्तानाच्या वळणावर कुठे थांबले. "एलिसेओने घर पाठवलंय की रिकामी काडेपेटी?" असं जो तो म्हणत होता. बायकांना हसून हसून उचक्या लागल्या. दुसऱ्या भागाच्या वेळी मागून माणसं लावून धरला. मग तुझ्या कारखान्याची ती दोन शहरी पोरं आली, त्यांनी दोन्ही भाग जोडून घट्ट केले. मी सगळ्यांना मेंढीचा रस्सा आणि बटाट्याचे मिल्काओ घातले, सफरचंदाची दारू बेलार्मिनोने आणली. कुणी उपाशी गेलं नाही.

आता आपल्या म्हाताऱ्याचं, बाबांचं. मिंगाला घरधन्याने पुढे उभं राहून हुकूम द्यायचा असतो. म्हातारा आलाच नाही. आमच्याकडे पाठ करून होडीला डांबर फासत बसला. शेवटी धनी म्हणून मीच उभी राहिले. नंतर विचारलं, "बघितलंत का?" तर म्हणे, "खोकं आहे. सामान कुठाय?"

मी काही आंधळी नाही, एलिसेओ. आईला पुरलं त्या दिवशी तू सगळ्यांदेखत म्हणालास, "या धुराच्या घराने आईला मारलं." ते घर त्याने स्वतः बांधलेलं. भिंतीवरची खवल्यासारखी एकेक लाकडी फळी त्याने स्वतःच्या कुऱ्हाडीने काढलेली. तो म्हणाला, "तू बांध तुझं. मी त्यात पाय ठेवणार नाही." तेव्हापासून तुम्ही दोघं गप्प, आणि मध्ये मी, तुमची पोस्टमन. हे घर तू थंडीसाठी पाठवलेलं नाहीस. त्याने आत पाय ठेवावा म्हणून पाठवलंस. तो ठेवील का, ते मला माहीत नाही. त्याचा खोकला वाढलाय. मे-जूनच्या हिवाळ्याआधी आत गेला तर बरं.

एर्मिंदा


पुंता अरेनास, २८ मार्च

प्रिय ताई,

बैलांचं वाचून मी कारखान्यात मोठ्याने हसलो. मुकादम बघायला लागला. घर हलकं आहे, पण काडेपेटी नाही, बेलार्मिनोला सांग.

बाबांना वाचून दाखवशील म्हणून नीट लिहितो. भिंतींत मेंढ्यांची लोकर दाबून भरलेली आहे, आपल्याकडच्यासारख्याच मेंढ्या. मोठ्या खिडक्या उत्तरेला ठेवल्यात, आपल्याकडे ऊन तिकडूनच येतं ना, आणि दुहेरी काचेच्या. दिवसभराचं ऊन आत येतं आणि आतच राहतं. कुठेही फट नाही. प्रत्येक सांध्यापाशी मी स्वतः पेटती मेणबत्ती धरून पाहिली. ज्योत हलली नाही. या घराला जंगल जाळावं लागत नाही, ताई. विजेची छोटी शेगडी संध्याकाळी थोडा वेळ लावली की पुरे. उघडा विस्तव आत न्यायची गरजच नाही. धूर नाही, तर खोकला नाही. छताजवळ एक जाळी आहे, ती उघडी ठेवा, तिच्यातून शिळी हवा बाहेर जाते.

इथे आम्ही अशी घरं रोज बनवतो. अर्धं घर एका बाजूने कच्चं आत जातं, दुसऱ्या बाजूने पक्कं बाहेर पडतं. पण हे एक मी कामाची वेळ संपल्यावर स्वतः केलं. एकही खिळा दुसऱ्याला मारू दिला नाही.

आईबद्दल तेव्हा मी जे बोललो, ते तसं बोलायला नको होतं. पण खोटंही नव्हतं. बाबांना हे वाक्य वाचू नकोस.

ते आत गेले की मला कळव. दुसरं काही नको.

तुझा
एलिसेओ


अलाओ बेट, २० मे

एलिसेओ,

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. ते वाक्य गाळलं. पण तो काही कमी नाही. म्हणाला, "इथे काहीतरी गाळलंस. तुझा आवाज अडखळला." मी म्हटलं, "चष्मा जुना झालाय." म्हणाला, "चष्म्याने कधी कुणाचा आवाज अडखळतो का गं?"

'विस्तवाची गरज नाही' हे ऐकून मात्र जाम भडकला. "गरज नाही? कबरीला विस्तवाची गरज नसते. माणसाच्या घराला असते. त्या खोक्यात बटाटे ठेव." तुला आठवत असेल, आपल्याकडे नव्या घरात बिऱ्हाडाआधी विस्तव जातो. आई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईच्या चुलीतले निखारे लोखंडी पातेल्यात घालून, झाकून, होडीतून घेऊन आली. तोच विस्तव आजवर आपल्या चुलीत आहे, असं म्हातारा म्हणतो. मी कित्येकदा काडी ओढून पेटवलाय, ते त्याला सांगत नाही. त्याचं म्हणणं, ज्या घरात विस्तव नेलेला नाही ते घरच नव्हे. मग त्यात पाय ठेवायचा की नाही, हा प्रश्नच येत नाही. बघ कसा पळवाट काढतो!

पण ऐक. मेणबत्तीचं त्याच्या डोक्यात बसलंय. "ज्योत हलली नाही म्हणतो? थापा मारतो." दुसऱ्या दिवशी बघते तर घराच्या बाहेरून सांध्यापाशी काडी ओढतोय. वाऱ्यात! काडी विझते, पुन्हा ओढतो. मी म्हटलं, "बाबा, आतून बघायचं असतं ते." म्हणाला, "आत जायचं नाहीये मला." मग खिळ्यांवरून बोट फिरवत सगळ्या घराला प्रदक्षिणा घातली. भिंतीला कान लावला. भिंतीला कान कसला लावता, म्हटलं, तर म्हणे, "गप. लोकर आहे खरी." संध्याकाळी चुलीपाशी बसून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "सांधे बरे मारलेत. ते माझ्याकडून शिकलाय."

जाळीला मात्र नावं ठेवतो. "भिंतीला फट नाही म्हणून मिरवायचं आणि वर भोक पाडायचं. शहाणाच आहे."

मीही तिथे राहायला गेलेले नाही. इकडे तो एकटा खोकत पडेल. थंडी आली आहे. सकाळी बादलीत बर्फाचा पापुद्रा असतो.

परवा समुद्राकडे बघत विचारत होता, "पुढच्या महिन्यात सान हुआनच्या सणाला लाँचला गर्दी असेल ना?" याला म्हणतात आमंत्रण. तुला कळत असेल तर ये.

एर्मिंदा


अलाओ बेट, २ जुलै

एलिसेओ,

टेकडीवरून फोन केला तेव्हा तुला एवढंच ऐकू गेलं असेल, की बाबा गेले. बाकीचं वाऱ्याने नेलं. म्हणून लिहिते.

झोपेत गेले. आपल्या जुन्या घरात, आपल्या खाटेवर. त्रास झाला नाही. वय झालं होतं, छाती अधू होती. आईशेजारी ठेवलं. बेलार्मिनोने शवपेटी केली. प्रार्थनेला सगळे होते.

सान हुआनला तू आला नाहीस त्याबद्दल मी काही म्हणत नाही. रस्ता बर्फाने बंद होता म्हणालास, असेलही.

नवं घर बंद आहे. किल्ली माझ्याकडे आहे. फार काही विचारू नकोस. माझ्यात लिहायचा जोर नाही.

एर्मिंदा


पुंता अरेनास, २५ जुलै

प्रिय ताई,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. विचारू नकोस म्हणालीस, म्हणून विचारत नाही. विचारण्यासारखं राहिलंही काय? आपल्या जुन्या घरात, आपल्या खाटेवर. म्हणजे शेवटपर्यंत नाहीच. मला वाटलं होतं थंडी तरी त्यांना आत नेईल. थंडीपेक्षा त्यांचा राग मोठा निघाला.

मी प्रत्येक सांध्याला मेणबत्ती धरत होतो ना, तेव्हा मनात एकच चित्र होतं. म्हातारा उंबऱ्यावर उभा आहे, शिव्या देतोय, आणि शिव्या देत देत आत येतोय. तेवढं मिळालं असतं तरी पुरलं असतं.

ते घर ओर्फेलिनाकाकूंना देऊन टाक. त्यांचं छप्पर गळतं, मुलं जवळ नाहीत. हिवाळा संपायच्या आत देऊन टाक, निदान कुणीतरी उबेत झोपेल. मला त्यातला एक खिळाही नको. आणि माझी वाट बघू नकोस. ज्याने मला आत घेतलं नाही, त्याच्या कबरीपाशी उभा राहून मी काय बोलू?

सरकारकडून बेटांवरच्या म्हाताऱ्यांसाठी अशाच घरांचं मोठं काम आलंय. मुकादम म्हणाला, तू पुढे हो, तू तिकडचा आहेस. मी नाही म्हणालो.

एलिसेओ


अलाओ बेट, १९ ऑगस्ट

एलिसेओ,

बसून वाच. जवळ कुणी असेल तर त्याला बाहेर घालव.

मी खोटं लिहिलं. बाबा जुन्या घरात गेले नाहीत.

सान हुआनच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोकल्याचं औषध आणायला समुद्रापलीकडे आचाओला गेले. वादळ आलं, बंदर बंद झालं, मी तिकडेच अडकले. परत आले तर आपल्या धुराड्यातून धूर नाही. जन्मात असं पाहिलं नव्हतं. आत चूल विझलेली. बाबा नाहीत. मला वाटलं समुद्रावर गेले, पण होडी जागेवर. मग अंगणात बघितलं. गारठलेल्या गवतावर काळे डाग, आपल्या दारापासून तुझ्या दारापर्यंत. हात थरथरायचे ना त्यांचे. पातेल्यातून निखारे सांडत सांडत गेले होते.

दाराच्या आत बूट. नीट, जोडीने, भिंतीला लावून ठेवलेले. आपल्या घरात त्यांनी कधी दाराशी बूट काढले होते का रे? चिखलासकट चुलीपर्यंत यायचे. आई ओरडून थकली. तुझ्या घरात काढले.

अंगात चर्चला जायचा कोट. तू पाठवलेल्या खाटेवर पडलेले, तोंड उत्तरेच्या खिडकीकडे. पायाशी आईचं लोखंडी पातेलं, आत राख. लाकूड एकही नव्हतं, सगळे लाल होईस्तोवर थांबून निवडून घेतलेले निखारे. तुझी भिंत काळी होऊ नये म्हणून. धूर नको म्हणाला होतास ना तू, म्हणून धूर न करणारा विस्तव नेला. आणि जाळीत मी विणलेला मोजा कोंबलेला.

गाल लाल होते. मला वाटलं उबेने छान झोप लागलीय. मी चक्क ओरडले, "उठा, चूल विझवून इकडे येऊन झोपलात होय!" मग हात लावला.

दवाखान्यातली नर्स म्हणाली, धूर नसला तरी निखारा विषारी हवा सोडतो. दिसत नाही, वास येत नाही. आपल्या जुन्या घरात शंभर फटी, म्हणून आपण सगळे जगलो. तुझ्या घरात एकही नाही.

लोक जमायच्या आत बेलार्मिनो आणि मी त्यांना उचलून जुन्या घरातल्या खाटेवर ठेवलं. बेलार्मिनोला म्हटलं, तोंड उघडलंस तर याद राख. नर्सलाही हात जोडले. कारण आईच्या वेळी तू म्हणालास ते मला आठवलं. घराने मारलं. तेच वाक्य आता तुझ्या मानेवर कसं ठेवू? मला वाटलं, रागावेल, रडेल, पण हे तरी कळणार नाही.

आणि तू लिहिलंस की शेवटपर्यंत त्यांनी पाय ठेवला नाही. ते वाचून मी पत्र पिठाच्या डब्याखाली सरकवलं आणि आठवडे काढले. काढू शकले असते अजून. पण तू घर देतोयस, एवढं मी ओर्फेलिनाला बोलून बसले होते, आणि काल ती आली. किल्ली मागायला. हातात तिची शेगडी, पेटलेली! दात नसलेलं तोंड भरून हसत म्हणाली, "आधी विस्तव नेते गं, मग बिऱ्हाड. रीत आहे ना आपली." मी तिच्या अंगावर धावून गेले, शेगडी उलथून चिखलात टाकली. ती रागावून रडायला लागली, म्हणाली, "द्यायचं नव्हतं तर बोलायचं होतंस!" मग तिला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. आणि तिला सांगितलं तर तुला कसं नाही सांगायचं? बेटांवर अशीच घरं येणार आहेत म्हणतोस. प्रत्येक घरात कुणीतरी म्हातारा पातेलं घेऊन जाईल.

तुला शिव्या घालायच्या असतील तर मला घाल. पण एवढं लक्षात ठेव. त्यांनी पाय ठेवला, एलिसेओ. बूट काढून ठेवला.

एर्मिंदा


पुंता अरेनास, १६ सप्टेंबर

ताई,

तुला शिव्या नाही घालणार.

मी 'गरजच नाही' असं लिहिलं होतं. 'मराल' असं लिहिलं नव्हतं. मला माहीत होतं. इथे कामावर घेतात तेव्हा सगळ्यात आधी तेच शिकवतात. पण ते लिहिलं असतं तर घराची मिजास कमी झाली असती. बाबांनी म्हटलं असतं, बघा, याच्या घरात माणूस मरतो. मी माझी मिजास राखली.

आईच्या कबरीपाशी मी जे बोललो, ते आता रोज मला ऐकू येतं. माझ्याच आवाजात.

बेटांच्या कामाला हो म्हणालोय. लोक विस्तव आणणारच. रीत आहे, ती कागदावर लिहून थांबत नाही. मग विस्तवाला जागा द्यायला हवी. मी मुकादमाशी भांडून प्रत्येक घरात बंद दाराची लोखंडी चूल घ्यायला लावली. तिची हवा नळीने बाहेरून येते, बाहेरच जाते. निखारे आणा, तिच्यात घाला, दार लावा. जाळी अशी केली आहे, की मोजा कोंबला तरी बंद होणार नाही. आणि दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत रंगवतो: 'आत उघडा निखारा ठेवला तर माणूस मरतो.' 'कृपया' लिहीत नाही. 'गरज नाही' लिहीत नाही.

ओर्फेलिनाकाकूंना द्यायच्या घरात तशी चूल बसवेपर्यंत त्यांना आत जाऊ देऊ नकोस.

ताई, ते कुठून चालत गेले? पातेलं कसं धरलं असेल? थांबले असतील का मध्ये? तू सोडून कुणाला विचारू?

एलिसेओ


अलाओ बेट, ११ ऑक्टोबर

एलिसेओ,

मी काय तिथे उभी होते? पण डाग बघितलेत, त्यावरून सांगते.

मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने निघाले. चर्चला जाताना निघतो तसे. विहिरीपाशी पुष्कळ निखारे सांडलेत, म्हणजे तिथे थांबले. खोकला आला असेल, किंवा माझ्या दोरीवरच्या कपड्यांना नावं ठेवत उभे राहिले असतील. तिथून वाट सरळ तुझ्या दाराकडे जाते. जराही वाकडी नाही. ज्याला परत फिरायचं असतं त्याची वाट अशी नसते.

पातेल्याच्या एका कानाला माझा जुना रुमाल गुंडाळलेला सापडला. म्हणजे दोन्ही हातांनी, छातीपाशी धरलं होतं. आईने होडीत धरलं असेल तसंच.

आणि अजून एक. वसंत लागलाय. डाग होते तिथे आता गवत उगवलंय, बाजूच्यापेक्षा जास्त हिरवं. राखेमुळे असेल. लांबून बघितलं तरी कळतं, कुणीतरी या दारातून त्या दारात गेलंय. बेलार्मिनो रोज येऊन बघून जातो. मी मेंढ्यांना तिकडे फिरकू देत नाही. काठी घेऊन बसते. लोक म्हणतात एर्मिंदाला वेड लागलंय, गवत राखते.

तर आता तू ये. घर आणू नकोस, चूल आणू नकोस. रिकाम्या हाताने ये आणि विहिरीवरून चालत त्या दारात जा. बूट काढ. मग शिव्या दे, रड, काय करायचं ते कर.

पण लवकर ये. मेंढ्या मी राखीन. गवत वाढायचं थांबत नाही, त्याला मी काय करू?

एर्मिंदा